दोन देशांना पाठवलेली प्रतिलिपी

आंतरराष्ट्रीय राजकारणात मी आयुष्यात एकदाच हात घातला. तोही बुऱ्हाणपूरच्या कचेरीसमोर, कडुनिंबाखाली, पत्र्याच्या टेबलामागे बसून. त्याचा परिणाम असा झाला की दोन देशांचे दूतावास, जे त्या काळात एकमेकांचं तोंडही पाहायला तयार नव्हते, त्यांचं निदान एका गोष्टीवर एकमत झालं. हा अर्ज लिहिणारा माणूस कोण आहे, हे दोघांनाही जाणून घ्यायचं होतं.

या अंकाच्या संपादकांनी व्यवसायातले अनुभव मागितले, तेव्हा माझ्या डोक्यात माझ्या विजयांची यादी तयार होती. आमच्या सौ.नं ती ऐकली आणि म्हणाली, "हे सगळं तुम्ही लग्नकार्यात सांगून झालंय. त्या डोईफोडिया गावच्या मुलीचं लिहा." मी नको म्हटलं. दोन दिवस ती काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं मला बोलण्यापेक्षा जड जातं, म्हणून तेच लिहायला बसलो आहे.

आधी धंदा काय तो सांगतो. मी अर्जीनवीस. लोक मुंशीजी म्हणायचे. माणूस गाऱ्हाणं घेऊन येतो आणि तासभर बोलतो. त्यात आजोबांची वाटणी येते, मेव्हण्याचा स्वभाव येतो, मेलेला बैलही येतो. त्या तासाभरात अर्जाच्या कामाच्या ओळी चारच असतात. त्या शोधून काढायच्या आणि साहेबाला प्रकरण भारी वाटावं म्हणून त्यात आणखी आठ घालायच्या, हे माझं काम. आमच्या खेड्यांतली माणसं रडतात मराठीत, कचेरी चालते हिंदीत. मोठ्या साहेबाला इंग्रजी लागे, तेव्हा मी 'मोस्ट रिस्पेक्टफुली शोवेथ' अशी सुरुवात ठोकायचो. 'शोवेथ' म्हणजे काय हे मला अजूनही माहीत नाही. माझ्या गुरूंनाही माहीत नव्हतं, पण त्यांच्या मते तो शब्द नसला तर अर्ज उघडा दिसतो.

धंद्यातला माझा सगळ्यात मोठा अभिमान म्हणजे प्रतिलिपी. अर्ज ज्या साहेबाला असतो त्याचं नाव वर, आणि खाली डावीकडे ज्यांना ज्यांना माहितीसाठी नक्कल पाठवली त्यांची नावं. आमच्याकडे अर्जाचं वजन मजकुरावरून ठरत नाही, प्रतिलिपीच्या यादीवरून ठरतं. राजपुऱ्यातल्या एका मास्तरांच्या दारातली गटार वर्षभर तुंबली होती. मी नगरपालिकेला अर्ज लिहिला आणि खाली कलेक्टर, आयुक्त, दोन मंत्री आणि थेट दिल्लीपर्यंत प्रतिलिपी लावली. आठवड्यात गटार साफ झाली. तेव्हापासून मी साध्या रेशन कार्डाच्या अर्जालाही चार प्रतिलिप्या लावू लागलो, आणि गिऱ्हाईक यादी मोजून समाधानानं घरी जाऊ लागलं. विरुद्ध पक्षालाही एक नक्कल पाठवायची, हा त्यातला खास हातखंडा. समोरच्याला कळलं पाहिजे की गोष्ट वरपर्यंत गेली आहे. तो अर्धा तिथेच गार होतो.

माझे निम्मे अर्ज बांधाचे असत. शेजारी दरवर्षी नांगराचं एक तास तुमच्या बाजूला सरकवतो. मग एक दिवस म्हणतो, हा पट्टा पहिल्यापासून माझाच. मग पाच माणसं उभी करतो, ती शपथेवर तेच सांगतात. शेवटी पटवाऱ्याकडे धावतो, खसऱ्यात, म्हणजे जमिनीच्या दप्तरात, नाव चढवा म्हणून. कब्जा ही एक गोष्ट आणि कागदावर नाव चढणं ही दुसरी. कब्जा ताकदीनं होतो. नाव चढायला मात्र दुसऱ्या कुणीतरी मान्य करावं लागतं, आणि खरं भांडण तिथून पुढे सुरू होतं.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर तिकडे काळ्या समुद्राकाठी अगदी हेच झालं. एका बलाढ्य देशानं शेजारच्या देशाचा समुद्रात घुसलेला एक प्रांत ताब्यात घेतला. आधी सैनिक आले, मग घाईघाईनं मतदान झालं, मग सही-शिक्क्यानं तो प्रांत आपला म्हणून जाहीर झाला. जुना देश म्हणाला, हा दरोडा आहे. जगातल्या बहुतेक देशांनी आपल्या दप्तरात नाव चढवायला नकार दिला. राजदूतांना बोलावून जाब विचारले गेले, बैठकी बसल्या, निर्बंध लागले. दोन्ही देशांची नावं मी इथे लिहीत नाही. नावं लिहून मी एकदा काय करून ठेवलं ते पुढे येईलच.

मला तर हे प्रकरण हातचं वाटलं. चहाच्या टपरीवर मी रोज सकाळी पेपर पुढे धरून समजावून सांगायचो की हा सरळ सरळ सीमांकनाचा दावा आहे, आमच्या नायब तहसीलदारानंही तीन पेशींत, म्हणजे तीन तारखांत, निकाली काढला असता. लोक मान डोलवायचे, आणि मला वाटायचं माझा जन्म चुकून कडुनिंबाखाली गेला.

अशा दिवसांत सुपडूभाऊ आले. डोईफोडियाचे शेतकरी. केळी आणि कपाशी, पाण्याची सोय चांगली, घर खाऊन-पिऊन सुखी. बोलणं कमी. त्यांची एकुलती मुलगी हर्षा डॉक्टर व्हायला परदेशी गेली होती, एवढं मला माहीत होतं, कारण पासपोर्टचा फॉर्म मीच भरला होता. टेबलासमोर बसून त्यांनी गुडघ्यावर हात ठेवले आणि म्हणाले, "मुंशीजी, पोरगी जिथली तिथंच हाय, पन तिच्याखालचा देस बदलून गेला."

चार ओळी शोधायला मला तास लागला नाही. हर्षा नेमकी त्या प्रांतातल्या मेडिकल कॉलेजात तिसऱ्या वर्षाला होती. तिचा व्हिसा जुन्या देशाचा, नाव नोंदवलेलं जुन्या देशाच्या दप्तरात. कॉलेजवर आता नव्या देशाची पाटी. तिथेच राहून डिग्री घेतली तर तिच्यावर नव्या देशाचा शिक्का येणार, आणि तो शिक्का आपल्याकडे चालेल की नाही हे कुणी छातीठोक सांगत नव्हतं. दुसरा रस्ता म्हणजे जुन्या देशाच्या उरलेल्या भागात एखाद्या कॉलेजात जाणं. त्यासाठी जुन्या देशाची परवानगी पाहिजे, आणि तीन वर्षांच्या गुणांचे कागद नव्या देशानं सोडायला पाहिजेत. म्हणजे सह्या दोन, आणि सही करणारे दोघे एकमेकांच्या जिवावर उठलेले. नवं सत्र सुरू व्हायच्या आत हे जमलं नाही तर वर्ष बुडणार होतं, आणि तीन वर्षांचं शिक्षणही कुठे मोजलं जाईल याचा भरवसा नव्हता. ज्या एजंटानं तिला पाठवलं होतं त्याचा फोन पंधरा दिवस बंद होता.

मी सुपडूभाऊंना म्हणालो, तुम्ही योग्य माणसाकडे आलात. हे वाक्य आठवलं की मी अजून कानकोंडा होतो.

तीन दिवस खपून मी दोन अर्ज इंग्रजीत तयार केले. धंद्याचा नियम असा की ज्या साहेबाला जे ऐकायला आवडतं त्या भाषेत लिहावं. जुन्या देशाच्या राजदूतांना मी लिहिलं की आपल्या मालकीच्या प्रांतावर शेजाऱ्यानं बळजबरीनं, बेकायदा कब्जा केलेला असून त्या कब्जात अर्जदाराची मुलगी अडकली आहे. नव्या देशाच्या राजदूतांना लिहिलं की आपल्या महान देशात नव्यानं सामील झालेल्या प्रांताबद्दल अर्जदार सहकुटुंब अभिनंदन करतो आणि मुलीचे कागद सोडण्याची विनंती करतो. दोन्हींची सुरुवात अर्थातच 'शोवेथ'नं. वाचून दाखवलं तेव्हा सुपडूभाऊंनी फक्त विचारलं, दोघांना दोन वेगळं लिवलं तर चालतं का. मी हसलो. म्हणालो, भाऊ, हीच तर विद्या आहे.

मग मी प्रतिलिपीची यादी टाइप केली. परराष्ट्र खातं, आरोग्य खातं, खासदार, कलेक्टर, कॉलेज. आणि सवयीनं, हात आपोआप चालतो तसा, विरुद्ध पक्ष. यादी दोन्ही अर्जांना एकच लावली. प्रत्येक नक्कल स्वतःच्या हातानं पाकिटात घातली, चिकटवली, प्रत्येकावर माझा शिक्का मारला, नाव आणि मोबाइल नंबरासकट. रजिस्टर पोस्टाची पाकिटं एकावर एक ठेवल्यावर पोस्टातल्या बाबूनंही माझ्याकडे आदरानं पाहिलं.

तीन आठवड्यांनी माझा फोन वाजला. दिल्लीहून, जुन्या देशाच्या दूतावासातून. दुभाषा असावा, अगदी पुस्तकी हिंदी. म्हणाला, "श्रीमान, आपने हमें लिखा है कि कब्जा अवैध है, और उन्हें लिखा है कि बधाई हो. दोनों पत्र हमारे सामने हैं. अर्जदार का वास्तविक मत क्या है?"

मी म्हणालो, "साहब, अर्जदार का मत इतना ही है कि लडकी डॉक्टर बने."

त्यानं माझं वाक्य लिहून घेतलं. मग म्हणाला की अर्जदारानं लेखी खुलासा करावा, तोपर्यंत प्रकरण बाजूला ठेवलं आहे. माणूस वाईट नव्हता. पण ज्या बापानं आपल्या सहीनं तो प्रांत दुसऱ्याचा आहे असं लिहून अभिनंदन केलंय, त्याच्या मुलीला त्यांनी आपली म्हणून परवानगी कशी द्यावी? टपरीवर मी जे महिनाभर शिकवत होतो ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. कब्जाच्या भांडणात प्रत्येक कागद हा पुरावा असतो. कुणाच्या तरी मुलीच्या गुणपत्रिकेवर गावाच्या नावापुढे कोणता देश लिहिला आहे, यावरूनही राजदूत भांडतात, कारण एकदा सही केली की तेवढं मान्य केल्यासारखं होतं.

दुसऱ्या बाजूलाही तेच. चार दिवसांनी सुपडूभाऊ टेबलाशी आले आणि त्यांनी मोबाइल माझ्या हातात दिला. पलीकडे हर्षा होती. कॉलेजच्या नव्या कार्यालयातल्या बाईंनी तिला बोलावून माझा अर्ज दाखवला होता. 'बेकायदा कब्जा' या शब्दांखाली लाल रेघ होती. तिचे कागद आता चौकशीत होते. तिला विचारलं होतं, तुझ्या वडिलांचं राजकारण काय आहे. डोईफोडियाच्या ग्रामपंचायतीतही ज्या माणसानं कधी हात वर केला नाही, त्याचं राजकारण.

मला वाटलं ती ओरडेल. तिनं शांतपणे विचारलं, "काका, दोन चिठ्ठ्या वेगवेगळ्या लिहिल्या ना? और दोनों को दोनों की कॉपी गेली?"

मी म्हणालो, हो, पद्धत असते तशी.

"मग आता तिसरी लिहा, मी सांगते तशी," ती म्हणाली. "कब्जा नाई, बधाई नाई, देशाचं नावच नाई. फक्त माझं नाव, रोल नंबर, कॉलेज, शहर. मले माझे मार्क पायजेत आन पुढं शिकायचंय, बस. दोघांना सेम टू सेम."

मी हरकत घेतली. फॉर्ममध्ये देशाचा रकाना असतो. मी उभ्या आयुष्यात एकही रकाना रिकामा सोडलेला नव्हता. आणि प्रतिलिपी कुणाला लावायची, हेही विचारलं. खरंच विचारलं.

"कुनालेच नाई, काका," ती म्हणाली. पाठीमागे कॉरिडॉरमधल्या पावलांचा आवाज येत होता. एकवीस वर्षांची मुलगी, आई-बाप इथे, आणि ती तिथे माझी दुरुस्ती करत उभी. मी अर्ज लिहून घेतला. सात ओळी झाल्या. 'शोवेथ' मी स्वतःहून गाळला.

त्या सात ओळींनी काम केलं. दोघांनाही त्यात नाकारायला काही सापडलं नाही. एकानं परवानगी दिली, दुसऱ्यानं कागद सोडले, आणि एकमेकांना मान्य केल्याचं कुणालाच कबूल करावं लागलं नाही. पण मधल्या गोंधळात जे दिवस गेले ते गेलेच. हर्षा कागद घेऊन नव्या शहरात पोहोचली, तेव्हा तिथल्या प्रवेशाची यादी बंद होऊन अकरा दिवस झाले होते. तिचं वर्ष बुडालं. घरीही येता येईना, कारण एकदा बाहेर पडलं तर परत व्हिसा मिळेल याची खात्री नव्हती. दोन दिवाळ्या ती तिकडेच होती.

आता माझी खरी मर्दुमकी सांगतो. बुऱ्हाणपुरात ज्यानं त्यानं म्हटलं, बघा, मोठ्या देशांच्या भांडणात गरीब पोरीचं वर्ष गेलं. टपरीवर हे बोलणं निघालं की मी सगळ्यात मोठ्यानं हो म्हणायचो. महासत्तांवर मी असा काही तुटून पडायचो की लोक चहा थांबवून ऐकायचे. त्या अकरा दिवसांचा हिशेब मला पाठ होता. सवयीनं लावलेली ती एक ओळ नसती तर मुलगी वेळेत पोहोचली असती. हे मी कुणालाही सांगितलं नाही. सुपडूभाऊ तर पुढेही माझ्याकडेच येत राहिले, गावातल्या इतरांनाही घेऊन येत राहिले, आणि प्रत्येक वेळी ते समोर बसले की मी नको तितका कामात असल्यासारखा टाइप करत सुटायचो. मला लाज वाटत होती, आणि लाज लपवायला कामासारखी सोय नाही.

हर्षा शिकून परत आली, परदेशी डिग्रीवाल्यांना द्यावी लागते ती इथली परीक्षा दुसऱ्या खेपेला पास झाली, आता शेजारच्या जिल्ह्यात सरकारी दवाखान्यात डॉक्टर आहे. मी डोळ्यांमुळे टेबल सोडलं. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी सुपडूभाऊ घरी आले. मुलीचं लग्न ठरलं होतं, आमंत्रण घेऊन आले होते. पत्रिका हातात घेतली, तिच्या नावामागे डॉक्टर छापलेलं पाहिलं, आणि मला राहवेना. मी सगळं सांगून टाकलं. दोन अर्ज, एकच यादी, विरुद्ध पक्ष, अकरा दिवस. म्हणालो, भाऊ, ते वर्ष कुणा देशानं नाही खाल्लं, मी खाल्लं.

सुपडूभाऊंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. म्हणाले, "ठावं हाय मले. पोरीनं तवाच सांगतलं व्हतं."

इतकी वर्षं काही म्हणाला का नाहीत, असं मी विचारलं.

"तिनंच ना म्हनलं," ते म्हणाले. "म्हने, बाबा, मुंशीजीले बोलू नका. ते भेले तर लिवनं सोडून देतील, मंग आपल्या गावचे अर्ज कोन लिवन?"

म्हणजे मी जे लपवतो आहे असं समजत होतो ते डोईफोडियाची दोन माणसं माझ्यासाठी झाकून ठेवत होती. त्यातली एक परक्या शहरात वर्षभर प्रवेशाची वाट बघत बसली होती, आणि तिला काळजी होती ती माझा धीर सुटेल याची. ते वर्ष तिनं कुठे काढलं, काय खाल्लं, कुणाबरोबर राहिली, हे मी इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. मला रडू आलं, आणि सौ. समोर असूनही मी ते आवरलं नाही.

सुपडूभाऊंना माझं रडणं बघवेना. त्यांनी पिशवीत हात घातला. पुतण्याच्या वाटणीचं नामांतरण, म्हणजे खसऱ्यात नाव चढणं, अडलं होतं, त्याचा अर्ज पाहिजे होता. मी म्हणालो, मी आता लिहीत नाही, दिसत नाही नीट. ते म्हणाले, मोठ्या अक्षरात लिवा. सौ.नं कोरा कागद आणि पेन आणून दिलं. मी चष्मा पुसला, लिहायला लागलो, आणि 'अर्जदार' या शब्दापुढे मी माझंच नाव लिहिलं.

सुपडूभाऊंनी कागद वाचला. त्याची घडी घालून खिशात ठेवली, आणि दुसरा कोरा कागद माझ्यासमोर सरकवला. म्हणाले, "हा मंजूर. आता पुतन्याचा लिवा."